नेव्हाचं गाणं

"थांबा," काचेआडच्या खोलीतून गायक हॉयट टॅकेट म्हणाला. "पुन्हा घ्या. पोटभर जेवून आल्यासारखं वाजवताय."

बाहेर नॅशव्हिल शहर जुलैच्या उन्हात भाजून निघत होतं. स्टुडिओत मात्र एसी हाडं गोठेपर्यंत लावलेला. कोपऱ्यात नाताळचं झाड, त्यावर दिवे, फांद्यांवर बर्फ म्हणून कापूस. नाताळच्या रेकॉर्डी डिसेंबरात विकायच्या तर भर उन्हाळ्यातच गाऊन ठेवाव्या लागतात. भक्तीसुद्धा इथे आधी कारखान्यात बनते, मग चर्चमध्ये पोचते.

स्टील गिटारवाल्या डेल्बर्टने बोटांवर फुंकर मारली. "लेका, सकाळपासून तेच चाललंय. एवढ्या वेळात येशू जन्मून मिसरूड फुटलं असतं त्याला."

सगळे हसले. हॉयट हसला नाही.

गाणं त्याच्या बायकोचं होतं. नेव्हाने आयुष्यात एकच गाणं लिहिलं, स्वयंपाकघरात, बटाटे सोलता सोलता. रेकॉर्ड कंपन्यांनी ते वर्षानुवर्षं परत पाठवलं. ती कॅन्सरने अंथरुणाला खिळली तेव्हा कुठे या कंपनीला पाझर फुटला, तोही एका दिवसापुरता. पाचपर्यंत जमलं तर रेकॉर्डवर, नाहीतर कचऱ्यात.

"वहिनी कशी आहे रे?" डेल्बर्टने विचारलं.

"आज दुखत नाहीये तिला," हॉयट म्हणाला. "चला, वाजवा."

पुन्हा वाजवलं. सूर चोख, जीव नाही. निर्माता गारलंड प्रूइटने घड्याळ पाहिलं.

"हॉयट, नाही जमत बाबा. सोडून देऊ हे. त्याऐवजी घंटांचं गाणं घेऊ, पोरं नाचतील तरी."

"एक सिगारेट ओढून येतो. मग शेवटचं एकदा." हॉयट बाहेर गेला.

तो गेला आणि फोन वाजला. गारलंडने उचलला. नुसतं ऐकलं. ठेवला.

"विल्मा होती, नेव्हाची बहीण," तो म्हणाला. "नेव्हा गेली."

फिडलवाल्याने व्हायोलिन मांडीवर ठेवलं, डोक्यावरची टोपी काढली. डेल्बर्ट उठून दाराकडे निघाला.

"बस खाली," गारलंड म्हणाला. "गाणं होईपर्यंत त्याला एक अक्षर सांगायचं नाही."

"माणूस आहेस का कसाई?"

"आत्ता कळलं तर तो घरी पळेल. मग पाच वाजता तिचं गाणंही मेलं. चालेल तुला?"

डेल्बर्ट शिवी हासडून बसला.

हॉयट आत आला. कुणी त्याच्याकडे बघेना. तो काचेमागे उभा राहिला आणि त्याने मान हलवली.

या वेळी डेल्बर्टची स्टील गिटार अशी विव्हळली की ड्रमवाल्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. फिडल तर अडखळत, हुंदके देतच चाललं होतं. त्यावरून हॉयट सरळ गात गेला, कुणाला दार उघडून घरात घ्यावं तसा. शेवटचा सूर विरला.

टेप थांबली. गारलंड काचेमागे गेला, हॉयटच्या खांद्यावर हात ठेवला.

"हॉयट, मघाशी विल्माचा फोन आला होता. नेव्हा..."

"पहाटेच गेली ती," हॉयट म्हणाला. "विल्माला दुपारी फोन करायला मीच सांगितलं होतं, वेळ झाली म्हणून बाहेर गेलो. गाणं होईपर्यंत तू मला सांगणार नाहीस, आणि यांना सांगितल्याशिवाय राहणार नाहीस, हे ठाऊक होतं मला."