पेन्सिलची सही

विम्यासाठी घरातल्या पॉप आर्टच्या संग्रहाची किंमत ठरवायला कोपनहेगनहून आलेला जाणकार शेवटच्या छापचित्राकडे वळला, तशी गुद्रुन दोन पावलं मागे सरकली. पिवळ्याधमक रंगावर हेरिंग मासळीची बरणी आणि लिंबू, पन्नासच प्रती. वसंतात चौकट उघडून काच पुसताना कोपऱ्यातल्या पेन्सिलच्या रेघोट्या तिने मळ समजून खोडरबराने घालवल्या होत्या. ती चित्रकाराची सही होती, हे नंतर कळलं. नवऱ्याला, आक्सेलला, सांगायचं धाडस झालं नाही. “ते राहू द्या,” आक्सेल घाईघाईने म्हणाला, “बरणीतल्या मासळीला कोण विचारतंय?” “अहो, तिच्याच वासावर आलोय मी!” जाणकाराने चौकट उघडली. गुद्रुनने डोळे मिटले. “सही आहे,” जाणकार म्हणाला. तिने दचकून पाहिलं. आक्सेलचा चेहरा पांढराफटक पडला होता. जाणकाराने भिंग लावलं. “पण अक्षर चित्रकाराचं नाही. कुणी गिरवली?” आक्सेल कबुली द्यायला पुढे झाला. “मी,” गुद्रुन म्हणाली, “पुसलीही मीच.”