विचारू नये, ‘हो’ समजावे

पडद्यावर तपासणीच्या ओळी सरकत होत्या. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर आहे का? हो. तयार तुकड्यांची लायब्ररी सापडली का? हो. काका डोळे चोळत बघत होते. वय चव्वेचाळीस, पण त्या ऑफिसात तेच थोरले, म्हणून काका.

औषधाचे थेंब घड्याळाच्या तालावर मोजून सोडणाऱ्या यंत्राचा प्रोग्रॅम आज संध्याकाळी दवाखान्यांकडे जायचा होता. त्यासाठी तीन आठवडे सगळ्यांनी जिवाचं रान केलं होतं. मोठा प्रोग्रॅम बांधण्याआधी तपासणीची स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, चार-चार ओळींचे इवलेसे प्रोग्रॅम लिहायची, नव्या यंत्रावर चालवून बघायची आणि पुसून टाकायची.

घड्याळ नीट चालतं का? हो.

काका ताठ बसले. ही तपासणी घड्याळाला दोन सेकंद मोजायला लावते. उत्तर तर पापणी लवायच्या आत आलं होतं.

त्यांनी स्क्रिप्टची फाइल उघडली. ‘घड्याळाचं विचारू नये, हो समजावे.’ पुढे दोन वर्षांपूर्वीची तारीख आणि त्यांचंच नाव. तेव्हाही अशीच घाई होती. नंतर काढू म्हणून ठेवलेली ओळ तशीच राहून गेली.

फाइल मिटून गप्प बसता आलं असतं. कुणाला पत्ताही लागला नसता. काकांनी ओळ पुसली आणि तपासणी पुन्हा लावली. या वेळी दोन सेकंद गेले.

नाही.

प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मॅडम धावत आल्या. “काका, कालपर्यंत तर हो येत होतं!”

“कालपर्यंत आपण विचारलंच नव्हतं.”

“कोणी केलं हे?”

“मी.”

मॅडमनी फोन काढला. ओरडायला अंगात त्राण लागतं, ते कुणाकडेच उरलं नव्हतं. पाठवणी थांबवा, असं फोनवर सांगत त्या निघून गेल्या.

काकांनी टेबलावर डोकं टेकलं. कालपासून अंगात कणकण होती. सकाळचा डबा पिशवीत तसाच बंद होता. तेवढ्यात मोबाइल थरथरला. आईचा रोजचा तीनचा फोन.

“हो आई, बरा आहे. जेवलो.”



“अरे, मी अजून काही विचारलंच नाही.”