रिकाम्या मांडवातला होकार

चोपडे गावच्या देवळापुढचा मांडव दुपारी रिकामाच होता. विद्यापीठात नाटकाचं साऊंड-लाईट शिकणारी तनया हेडफोन लावून मिक्सरवर बसली होती. तिचा वर्गमित्र परेश रंगमंचावर माईक तपासता तपासता थट्टेत देवाला गाऱ्हाणं घालू लागला, ज्यातल्या प्रत्येक मागण्याला जमलेला गाव होकार देतो.

"बा देवा म्हाराजा, आजचा नाटक रंगांदे!"

"व्हय म्हाराजा!" हेडफोनमध्ये अख्खा गाव म्हणाला.

मेल्यानं रेकॉर्डिंग लावलंय, तनयाला वाटलं. तिने सगळे माईक बंद केले, वायरी उपटल्या, शेवटी हेडफोनचीही पिन काढून मुठीत घट्ट धरली.

परेश बिनमाईकचाच ओरडला, "आणि ही तनया कायमची हयच रवांदे!"

"परेश, गप्प बस! मला नाही इथे राहायचं!"

तिच्या कानात सगळे एकदम म्हणाले, "व्हय म्हाराजा!"