हॅट थोडी कमी

"सर, हॅट जास्त वाटतेय का?" उन्नतीने विचारलं आणि खुर्ची वळवून ती थेट मर्विनकडे बघू लागली.

स्पीकरमधून तिचा ड्रम अँड बेस ट्रॅक धावत होता. किकचे, म्हणजे मोठ्या ड्रमचे ठोके त्याला ऐकू येत होते. खालचा बेस तर टेबलातून मनगटापर्यंत पोचत होता. पण हाय-हॅट, ती झांजांची बारीक छमछम, त्याच्यासाठी कुठेच नव्हती. गेले चार महिने नव्हती.

डॉक्टरांनी कानाच्या तपासणीच्या कागदावर रेघ दाखवली होती. सरळ येणारी रेघ मध्येच कडा तुटावा तशी खाली गेली होती.

"वरच्या पट्टीतले आवाज गेलेत," ते म्हणाले होते. "तीस वर्षं स्पीकरसमोर काढलीत. आता परत यायचे नाहीत."

तो कागद त्याने बायकोला, अँजेलिनालाही दाखवला नव्हता. भुईगावापासून विरारपर्यंत कुणाचंही रेकॉर्डिंग असो, शेवटचा कान मर्विनचा, असं सगळे म्हणत. आता कागदावरची ती रेघ कुणाला कळली, तर घराच्या मागची ही स्टुडिओची खोली गोदाम व्हायला वेळ लागणार नव्हता.

"थोडी कमी कर," तो म्हणाला. अंधारात मारलेला दगड होता.

उन्नतीने लगेच हॅटच्या आवाजाचा फेडर खाली घेतला.

त्याला आणखीच भीती वाटली. बोळिंजहून सहा वर्षांपूर्वी शिकायला आलेली ही पोरगी एरवी अर्ध्या डेसिबलवरून तासभर भांडायची. आज भांडत नव्हती. सकाळी स्कूटर लावून आत आली तेव्हाच म्हणाली होती, "सर, आज तुम्ही सांगाल तसंच करणार." लंडनमधल्या एका लहानशा लेबलने, गाणी काढणाऱ्या कंपनीने, तिचा ट्रॅक निवडला होता, आयुष्यातला पहिला. मिक्स गजबजलाय, मांडणी लांबलीय, सुधारून पाठवा, असं त्यांनी कळवलं होतं. आज संध्याकाळी पाचपर्यंत पाठवला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

आणि ती सारखी त्याच्या तोंडाकडे बघत होती. एक शब्द बोलायला तोंड उघडलं की तिची नजर तिथेच खिळायची. हिला संशय आलाय, मर्विनला वाटलं. आपण चुकतोय कधी, याचीच ही वाट बघतेय.

त्याने जमेल तिथे हात घातला.

"किक आणि बेस एकाच जागेसाठी भांडतायत," तो म्हणाला. "किक पडली की बेसने क्षणभर खाली बसायचं. तेवढं कर."

तिने केलं. मीटरवरची सुई शांत झाली.

"सुरुवात अर्धी काप. माणूस कंटाळतो. आणि दुसऱ्या ड्रॉपच्या आधी दोन बार ड्रम्स काढूनच टाक."

"पूर्ण?"

"पूर्ण. नुसता खालचा एक लांब सूर राहू दे. ऐकणारा श्वास धरेल. मग पडू दे सगळं एकदम."

तिने तसं करून लावलं. त्या दोन बारांच्या आठ ठोक्यांपुरती खोली रिकामी झाली आणि मग ड्रॉप असा कोसळला की टेबलावरचा पेला थरथरला. मर्विन क्षणभर सगळं विसरला. उन्नतीही टेबलावर हात पसरून डोळे मिटून बसली होती.

डोळे उघडून ती म्हणाली, "आता शेवटचं. दोन मिक्स केलेत. फरक फक्त हॅटचा आहे. कुठला पाठवू?"

तिने पहिला लावला, मग दुसरा. त्याला दोन्ही सारखेच होते. तो तिच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का ते शोधत राहिला. दुसऱ्याला तिच्या भुवया किंचित हलल्या, निदान त्याला तसं वाटलं.

"दुसरा," तो म्हणाला.

"मलाही तोच वाटला," उन्नती घाईने म्हणाली आणि हसली.

सुटलो, मर्विनने मनात म्हटलं.

पाचला दहा मिनिटं कमी होती. स्पीकर बंद करून उन्नती त्याच्याकडे पाठ करून मेल लिहायला बसली. मर्विन मागच्या खाटेवर टेकला. तिच्या खांद्यावरून त्याला कॉम्प्युटरचा पडदा दिसत होता. ट्रॅकच्या नावाखाली तिने स्वतःचं नाव लिहिलं, आणि त्याखाली लिहिलं, मिक्सिंग मर्विन सरांचं.

ते वाचून त्याला बसवेना. हॅट किती वर आहे, किती खाली, त्याला ठाऊक नव्हतं. कदाचित कानठळ्या बसतील इतकी असेल. पोरीची पहिली संधी तो आपली लाज झाकायला वापरत होता.

"उन्नती, पाठवू नकोस," तो म्हणाला.

तिची बोटं थांबली नाहीत.

"मला हॅट ऐकू येत नाही गं. चार महिने झाले. सकाळपासून मी तुझा चेहरा बघून सांगतोय. दुसऱ्या कुणाला तरी ऐकव, मग पाठव."

उन्नती टाइप करतच राहिली. मान वळली नाही, खांदा हलला नाही. चिडली असणार. चिडायलाच हवं.

"ऐकतेयस ना? मी फसवलं तुला," तो मोठ्याने म्हणाला.

बाहेर केळीच्या बागेतला पंप बंद झाला. खोलीत आता फक्त कीबोर्डची टकटक असणार, तीही त्याला ऐकू येत नव्हती. तिने बाण 'पाठवा'वर नेला. मर्विन उठला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ती इतकी दचकली की खुर्ची भिंतीला जाऊन आपटली. तिने वळून पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिची नजर आधी त्याच्या डोळ्यांवर गेली, मग खाली, त्याच्या तोंडावर, आणि तिथेच थांबली.

"काही म्हणालात का, सर?" ती चाचरत म्हणाली. मग तिचे डोळे भरून आले. "समोर येऊन बोला ना. ओठ दिसले नाहीत तर मला कळत नाही."