उतारावरची जीप

पालीच्या धोंडीराम तात्यांची जुनी डिझेल जीप सकाळपासून हूं की चूं करीना, म्हणून मांजरसुंब्याहून लखन मिस्त्री आला. जीप अंगणातल्या उतारावर उभी होती आणि तात्या स्टिअरिंगमागून हलायचं नाव घेत नव्हते.

"पंधरा दिस झाले, हाय तिथंच उभी हाय. बघ काय झालंय," ते बसल्या जागेवरूनच म्हणाले.

लखननं बघितलं. बॅटरी ठणठणीत होती, दिवे लख्ख पेटत होते, वायरीही घट्ट होत्या. शेवटी त्यानं सेल्फ काढून उघडला. आतले कार्बन झिजून संपले होते आणि सगळं गंजून एकजीव झालं होतं.

"तात्या, ह्यो आज गेलेला न्हाई. दोन-तीन साल झाले असतील ह्याला मरून. मंग रोज गाडी चालू कशी करत व्हता तुमी?"

तात्या आरशातून मागं बघत राहिले. लखननंही मागं पाहिलं. मागच्या दारावर शेजारी शेजारी दोन जागी, तळहाताएवढा रंग उडून पत्रा उघडा पडला होता.

"काल माझ्या बायकूचा, वच्छलाचा तेरावा झाला," तात्या म्हणाले. "ती होती तवर मागून लोटायची. सेल्फची कधी गरजच पडली न्हाई."