दादाचा हुकूम

दिवंगत राजाच्या पुतळ्याचं तोंड किल्ल्याकडे असावं की नदीकडे, एवढ्यावरून राज्यात यादवी पेटली आणि लाडूबाई कात्रीत सापडली. किल्लेवाल्यांचा सेनापती तिचा नवरा सुभानराव, तर नदीवाल्यांचा तिचा थोरला भाऊ रायाजी. कोणीही जिंकलं तरी रडायचं तिलाच होतं.

सुभानराव चारचौघांना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसे. लढाईच्या दिवशीही त्याच्या फौजेत हात वर करून कौल घेणं चाललं होतं, आधी जेवायचं की आधी लढायचं. रायाजीला मात्र प्रश्न विचारलेला खपत नसे. शिपायांनी कुठल्या कुशीवर झोपायचं, याचाही हुकूम तोच सोडायचा. ओरडून ओरडून ऐन लढाईच्या सकाळी त्याचा आवाज बसला आणि फौज भाले रोखून ताटकळत राहिली.

त्याने हातवारे केले, पण कोणाला काही कळेना. तेव्हा भावाला आवरायला रणावर आलेली लाडूबाई मेण्यातून उतरली.

"दादाच्या खुणा मला लहानपणापासून कळतात."

"मग सांगा ताईसाहेब, काय हुकूम आहे?"

दादाची तलवार सरळ तिच्या नवऱ्याकडे रोखलेली होती. ती म्हणाली, "घरी जा म्हणतायत."

फौज वळली. कारण विचारायची कोणाला सवयच नव्हती. समोर लढायला कोणी उरलं नाही, तेव्हा सुभानरावाची माणसं एकमताने जेवायला बसली.

रायाजी लालबुंद होऊन दोन्ही हात नाचवू लागला. एक शिपाई थबकला. "आता काय म्हणतायत?"

"पाय उचला म्हणतायत," लाडूबाई म्हणाली.