विहिरीपर्यंत वायफाय

डिंगोऱ्याच्या मळ्यात बिबट्या फिरू लागला, म्हणून सुदर्शननं विहिरीवर कॅमेरा बसवला. घरातलं वायफाय तिथवर पोचायला रेंज वाढवणारे दोन डबे लावले, एक गोठ्यात, दुसरा विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत.

दुपारी त्यानं मोबाईलवर पाहिलं. विहिरीवरच्या डब्याला कॅमेरा जोडलेला होता आणि त्याच्याखाली आणखी एक नाव होतं: रामनाथ.

थोरल्या भावाचा फोन तो. गेल्या साली पाण्याच्या पाळीवरून दोघांचं वाजलं, आणि रामनाथ विहिरीत उतरलेला असताना सुदर्शननं मोटार चालू केली. पाण्यात करंट उतरला आणि रामनाथ जागीच गेला. “मला काय ठाव, दादा खाली हाय!” गावानं ते मानलं. रामनाथच्या बायकोनं, सोनलनं मात्र त्या दिवसापासून दिराशी बोलणं टाकलं. रामनाथच्या सदऱ्याच्या खिशातला फोन विहिरीतच राहिला.

सुदर्शननं धावत जाऊन मोटारीच्या खोलीतला डबा उपटला. नाव गोठ्यातल्या डब्यावर आलं. त्यानं तोही उपटला. नाव घरातल्या वायफायवर आलं.

धापा टाकत तो घरी पोचला. ओट्यावर सोनल रामनाथचा सदरा पिळत होती.

“भावजी, आत या की,” ती म्हणाली. “हे कवाधरनं तुमची वाट बघत्यात.”